परसाची पुढची पिढी

सेलूला आमच्या घरामागे जेमतेम एक गुंठ्याचे परस आहे. काळी जमीन, एका कोपऱ्यात शेवगा, दुसऱ्या कोपऱ्यात मोडकळीला आलेली न्हाणी. प्रयोगशाळेत वीस वर्षे काढलेली माणसे आम्ही; घरच्या भाजीपुरते आणि घरच्या अंड्यांपुरते तरी सहज पिकवू, अशा भरवशावर या परसात उतरलो. पहिले वर्ष बरे गेले. बाजारातून आणलेल्या पाकिटातील भेंडीचे बी टरारून उगवले, भरपूर भेंडी आली. सुधारित जातीच्या पाच तलंगा व एक कोंबडा आणला होता. सहाव्या महिन्यापासून अंडी सुरू झाली. आम्ही खूश होतो.

फजिती दुसऱ्या वर्षी झाली. पहिल्या वर्षीच्या भेंड्या झाडावरच वाळवून आम्ही बी धरले होते. त्यातून आलेल्या ४८ रोपांची उंची सारखी नव्हती, भेंड्यांचा आकार सारखा नव्हता, आणि ११ रोपांच्या पानांच्या शिरा हळदीसारख्या पिवळ्या पडल्या. कोंबड्यांकडे पाहावे, तर टोपलीत पेंढा घालून बारा अंडी मांडली, तरी एकही कोंबडी खुडूक बसेना. अंडे घालायचे आणि निघून जायचे, एवढेच त्यांना ठाऊक होते.

शेजारच्या आजी कुंपणापलीकडून हे सारे पाहत होत्या. त्या हसून म्हणाल्या, "बी इकतचं, कोंबडी इकतची. मंग परस तुमचं कसं?"

या प्रश्नाने आम्हांला विचारात पाडले. परस म्हणजे केवळ यंदाची भाजी आणि आजचे अंडे नव्हे. पुढच्या वर्षीचे बी आणि पुढची पिल्ले जिथून येतात ते परस. आमच्या परसाची पुढची पिढी कुठून येणार, याचे उत्तर शोधता शोधता आम्ही भेंडीच्या आणि कोंबडीच्या इतिहासात शिरलो. त्या इतिहासातला एक महत्त्वाचा टप्पा सेलूहून फार दूर नाही. तो परभणीत घडला आहे.

हळद्याची कहाणी

भेंडीच्या शिरा पिवळ्या पडण्याच्या या रोगाला शेतकरी हळद्या किंवा केवडा म्हणतात. प्रथम शिरांचे जाळे पिवळे होते, मग सगळे पान पिवळे पडते. फळे बारीक, फिकट व निबर होतात. रोप लहान असताना रोग आला, तर पीक हाती लागत नाही.

या रोगाची पहिली शास्त्रीय नोंद आपल्याच भागातली, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातली आहे. कुलकर्णी यांनी १९२४ साली ती केली. पुढे १९४० साली पुण्याचे उप्पल, वर्मा आणि कपूर या तीन वनस्पतिरोगतज्ज्ञांनी 'करंट सायन्स' या नियतकालिकात हा रोग विषाणूमुळे होतो हे मांडले. कपूर व वर्मा यांनी १९५० साली याच रोगावर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. हा विषाणू बियांतून पसरत नाही. त्याला वाहून नेते ती पांढरी माशी. ही माशी तांदळाच्या कणीहूनही लहान असते. पानाच्या मागच्या बाजूला बसून ती रस शोषते, आणि रोगट झाडाचा रस प्यायलेली माशी निरोगी झाडावर गेली की विषाणू तिथे पोहोचतो.

रोगाचे कारण समजले म्हणजे उपाय सापडतोच असे नाही. विषाणूने ग्रासलेले झाड बरे करणारे औषध तेव्हा नव्हते, आजही नाही. माशी मारायची किंवा ज्यावर रोग चालत नाही असे वाण शोधायचे, हे दोनच मार्ग होते. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेत हरभजन सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकात दुसरा मार्ग धरला. बंगालमध्ये मिळालेल्या एका भेंडीत विषाणू शिरला तरी लक्षणे दिसत नव्हती. तिचा 'पुसा मखमली' या वाणाशी संकर करून त्यांनी 'पुसा सावनी' हे वाण तयार केले. देशभर ते लोकप्रिय झाले. पण वर्षे गेली तशी पुसा सावनीची पानेही पिवळी पडू लागली.

परभणीतला संकर

१८ मे १९७२ रोजी परभणीला मराठवाडा कृषि विद्यापीठ स्थापन झाले. (२०१३ पासून त्याचे नाव वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठ असे आहे.) ते दुष्काळाचे दिवस होते. अन्नधान्याच्या प्रश्नापुढे भेंडीचा प्रश्न लहान वाटला असता. तरीही या विद्यापीठातील एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर या शास्त्रज्ञांनी तो हाती घेतला.

लागवडीच्या भेंडीत खात्रीची प्रतिकारशक्ती सापडत नव्हती, म्हणून ते तिच्या नातलगांकडे वळले. भेंडीचे शास्त्रीय नाव अबेलमॉस्कस एस्क्युलेंटस. याच कुलातील अबेलमॉस्कस मॅनिहॉट या प्रजातीवर हळद्या चालत नव्हता. मात्र दोन वेगळ्या प्रजातींचा संकर म्हणजे दूरच्या नात्यातली सोयरीक. पहिल्या पिढीतील झाडे बहुधा वांझ किंवा अर्धवट वांझ निघतात, कारण दोन्हीकडच्या गुणसूत्रांच्या जोड्या नीट जुळत नाहीत. जे थोडे बी मिळते त्यातून आलेल्या झाडांचा पुन्हा भेंडीशीच संकर करायचा, त्यांच्या संततीतून रोगमुक्त आणि भेंडीसारखीच भेंडी देणारी झाडे निवडायची, आणि हे पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवायचे. यात घाई चालत नाही.

या दोघांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखवले, की त्यांच्या संकरांत ही प्रतिकारकता एकाच प्रभावी जनुकावर अवलंबून आहे. मेंडेलने वाटाण्यात पाहिलेले ३:१ हे प्रमाण इथे हळद्या रोगाच्या बाबतीत दिसत होते. पुसा सावनी आणि या नातलग प्रजातीच्या संकरातून अखेर एक वाण स्थिर झाले. १९८६ साली त्यांनी त्याची माहिती 'हॉर्टसायन्स' या नियतकालिकात जगापुढे मांडली. त्या वाणाचे नाव 'परभणी क्रांती'.

परभणी क्रांती हे सरळ वाण आहे, पहिल्या पिढीचा संकर नव्हे. म्हणजे त्याचे बी घरी धरले, तर पुढच्या वर्षी तशीच भेंडी येते. बाजारातल्या संकरित बियाण्याची गोष्ट वेगळी. त्याची पहिली पिढी एकसारखी दिसते, परंतु तिचे बी पेरले की आईबापांचे गुण पुन्हा वेगवेगळे होतात. आमच्या परसात दिसलेली लहानमोठी रोपे ही त्याचीच खूण होती.

इथे आमची एक चूक सांगितली पाहिजे, कारण ती वर्गात उपयोगी पडेल. ४८ पैकी ११ रोपे पिवळी पडली, म्हणजे जवळजवळ एक चतुर्थांश! हे पाहून आम्हांला वाटले, मेंडेल आमच्या परसात अवतरला. पण थोडा विचार करताच उत्साह ओसरला. पांढरी माशी सगळ्या ४८ रोपांवर सारखीच बसली होती, याचा काय पुरावा? कुंपणाकडची रोपे आधी पिवळी पडली होती. न पिवळलेली ३७ रोपे प्रतिकारक होती, की केवळ माशीच्या तावडीतून सुटली होती, हे आम्ही सांगू शकत नव्हतो. मनातल्या आकड्याशी जुळणारा आकडा मिळाला की माणूस पुढचा प्रश्न विचारायचे थांबतो. प्रयोगशाळेत वीस वर्षे काढली तरी ही खोड जात नाही.

परभणी क्रांतीच्या कहाणीचा शेवट मात्र 'आणि रोग कायमचा गेला' असा नाही. विषाणूही बदलत असतो. मदुराईच्या जोस व उषा यांनी २००३ साली दाखवून दिले, की या रोगात मुख्य विषाणूबरोबर डीएनएचा आणखी एक लहान तुकडा, म्हणजे एक उपग्रह, सामील असतो. पुढे देशाच्या निरनिराळ्या भागांत या विषाणूंचे अनेक प्रकार सापडले, आणि एके काळी टिकून राहणाऱ्या परभणी क्रांतीवरही अनेक ठिकाणी हळद्या दिसू लागला. एका जनुकाची भिंत भक्कम असते, पण ती एकच असते. म्हणून निवड थांबवता येत नाही. विद्यापीठात नाही, आणि परसातही नाही.

रानातून आलेली कोंबडी

आता कोंबडीकडे वळू. तिलाही रानातले नातलग आहेत. आपली कोंबडी लाल रानकोंबड्यापासून आली असे चार्ल्स डार्विनने १८६८ सालच्या आपल्या ग्रंथात मांडले होते, आणि मुख्यतः ते खरे ठरले. माणसाळण्याचा काळ मात्र पूर्वी समजला जाई तेवढा जुना नसावा. जगातील ६०० हून अधिक पुरातत्त्वीय स्थळांवरच्या अवशेषांची फेरतपासणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. तीनुसार पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीची हाडे थायलंडमधील बान नॉन वाट येथील आहेत. त्यांचा काळ इसवी सनपूर्व १६५० ते १२५०. या अभ्यासकांच्या मते कोंबडी माणसाकडे आली ती धान्यामागे. भात आणि भरडधान्याच्या कोरडवाहू शेतीमुळे रानकोंबड्यांना वस्तीजवळ आयते खाद्य मिळू लागले. उकिरडा उकरणारी कोंबडी पाहिली की हे पटायला वेळ लागत नाही.

डार्विनचे एका बाबतीत मात्र चुकले. त्याला एकट्या लाल रानकोंबड्याचाच वंश दिसला. आपल्या सह्याद्रीत राखी रानकोंबडा राहतो. त्याचे शास्त्रीय नाव गॅलस सोनेराटी. २००८ साली स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या पिवळ्या कातडीचे जनुक तपासले. हिरव्या पाल्यातून व मक्यातून मिळणारी कॅरोटिनॉइड ही पिवळी द्रव्ये कातडीत तोडली जातात, म्हणून लाल रानकोंबड्याची कातडी पांढरी असते. हे तोडण्याचे काम ज्या जनुकामुळे होते, ते कातडीत मंदावले की पिवळा रंग साठतो. जनुकाचा हा मंद प्रकार कोंबडीला लाल रानकोंबड्याकडून मिळालेला नाही. त्याचा क्रम राखी रानकोंबड्याशी जुळतो. आज जगभरच्या कितीतरी कोंबड्यांचे पाय पिवळे आहेत. त्या पिवळेपणाचा उगम भारतीय द्वीपकल्पातील एका रानपाखरात आहे. आमच्या सहा पाखरांपैकी चारांचे पाय पिवळे आहेत, आणि आजींच्या गावठी कोंबडीचे करडे. आता पायांकडे पाहिल्याशिवाय आमची नजर पुढे जात नाही.

खुडूक बसणे कुठे गेले?

रानातली आणि गावठी कोंबडी दहाबारा अंडी घालते, मग खुडूक होते. २१ दिवस ती अंड्यांवर बसते, पुढे काही आठवडे पिल्ले सांभाळते. एवढा काळ तिचे अंडी घालणे बंद असते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून पाझरणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक या काळात वाढते, आणि त्याच्या प्रभावाने कोंबडी टोपली सोडत नाही. वर्षाकाठी गावठी कोंबडीची साठेक अंडी होतात, त्याचे हे एक मोठे कारण.

कोंबडीला या कामातून मोकळे करण्याची कल्पना फार जुनी आहे. इजिप्तमध्ये मातीच्या मोठ्या भट्ट्यांत शेण व भुसा जाळून हजारो अंडी उबवत. ऊब बरोबर आहे की नाही, हे तिथले कारागीर अंडे पापणीला लावून ओळखत. तापमापीचा अभ्यासक म्हणून आपल्याला माहीत असलेला फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने या भट्ट्यांचा अभ्यास केला आणि १७४९ साली अंडी उबवण्याच्या कलेवर ग्रंथ लिहिला. पुढे उबवणी यंत्रे आली. यंत्र अंडी उबवू लागल्यावर खुडूक बसणारी कोंबडी पाळणाऱ्याला तोट्याची वाटू लागली. जी बसत नाही, तिचीच अंडी पुढच्या पिढीसाठी निवडली गेली. व्हाइट लेगहॉर्न ही अशा निवडीतून घडलेली जात. आजच्या व्यापारी कोंबड्या वर्षाला तीनशेहून अधिक अंडी देतात. आपल्याकडे १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली, आणि अंडे हे शहरी माणसाचे रोजचे अन्न झाले. यात वाईट काहीच नाही. स्वस्त प्रथिने कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचली, ती याच वाटेने.

परसासाठी म्हणून बंगळूरच्या कृषि विद्यापीठाने 'गिरिराजा' आणि हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने 'वनराजा' हे प्रकार तयार केले. ते उकिरड्यावर चरतात, गावठीपेक्षा लवकर वाढतात आणि अंडीही जास्त देतात. पण सुधारित पाखरांकडून खुडूक बसण्याची अपेक्षा धरू नये. पुढची पिल्ले बहुधा उबवणी केंद्रातूनच आणावी लागतात. तेव्हा आमच्या कोंबड्या आळशी नव्हत्या. जे काम त्यांच्या कित्येक पिढ्यांच्या रक्तातून काढून टाकले होते, ते आम्ही त्यांना सांगत होतो.

तोडगा आजींनी काढला. त्यांची एक गावठी कोंबडी खुडूक झाली होती. तिच्याखाली आमची बारा अंडी ठेवली. एकविसाव्या दिवशी नऊ पिल्ले निघाली.

मानमोडी

त्या नवांपैकी सात पिल्ले उन्हाळ्यात एका आठवड्यात गेली. हिरवी हगवण, पाय लुळे, मान मागे वळलेली. गावात या रोगाला मानमोडी म्हणतात. पशुवैद्यकांच्या पुस्तकात याचे नाव राणीखेत. १९२६ साली जावा बेटावर आणि १९२७ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे तो ओळखला गेला. त्याच सुमारास कुमाऊँतील राणीखेत येथे आढळला, म्हणून भारतात त्याला ते नाव पडले. जवळच्याच मुक्तेश्वर येथील संस्थेत १९४०च्या दशकात जिवंत पण सौम्य केलेल्या विषाणूची लस तयार झाली, आणि तिचा वापर आपल्याकडे आजही होतो.

लस ऐंशी वर्षांपूर्वीची असूनही आमची पिल्ले मेली. आम्ही ती टोचलीच नव्हती. कारण लाजिरवाणे वाटले तरी सांगतो. लसीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक पाखरांची असते. ती बर्फात आणावी लागते आणि एकदा विरघळवली की काही तासांत संपवावी लागते. नऊ पिल्लांसाठी कुपी कशाला फोडायची, म्हणून आम्ही आज-उद्या करत राहिलो. लहान परसांची ही अडचण जगभर आहे. उष्णतेत अधिक टिकणाऱ्या लसी ऑस्ट्रेलियात पीटर स्प्रॅडब्रो व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केल्या, त्या याच अडचणीपोटी.

पाखरांच्या रोगांना कुंपण नसते. भारतात पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला सापडला, आणि जानेवारी २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील मुरुंबा गावी तो आला. तिथे शेकडो कोंबड्या मेल्या आणि आजूबाजूच्याही पाखरांना मारावे लागले. म्हणून एकाएकी बरीच पाखरे मेली, तर मेलेल्या पाखरांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवणे हा पाठ मुलांपर्यंत पोहोचलाच पाहिजे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही गल्लीतल्या आठ घरांची पाखरे मोजली. बावन्न भरली. सगळ्यांना एकाच दिवशी, एकाच कुपीतून लस दिली. निम्मी कुपी वाया गेली, पण आठ घरांत वाटली तर तिची किंमत नगण्य होती. या उन्हाळ्यात गल्लीत मानमोडी आली नाही. लसीमुळे आली नाही, की यंदा येणारच नव्हती? भेंडीच्या वेळची चूक आठवून आम्ही एवढेच म्हणतो, की दर वर्षी नोंद ठेवली तर कळेल.

वही आणि वाफा

गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवणारे श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. सामान्य शेतकरी हाच प्रयोग करणारा, आणि दहा गुंठ्यांतही एका कुटुंबाचा निर्वाह होऊ शकतो, हा त्यांचा आग्रह होता. दहा गुंठ्यांचे गणित आमच्या एका गुंठ्याला लागू पडत नाही. पण त्यांच्या कामातली एक गोष्ट आम्ही उचलली: परसात उतरताना हातात वही असली पाहिजे.

शाळेत हे सहज करता येईल. परभणी क्रांतीसारख्या सरळ वाणाचे वीस दाणे पेरा. भेंडीचे फूल सकाळी उमलते आणि त्याच दिवशी मिटते. ते स्वतःचे परागण स्वतः करू शकते, पण मधमाश्यांमुळे शेकडा ४ ते १९, कधी त्याहूनही अधिक, परपरागण होते. म्हणून ज्या फुलाचे बी धरायचे, त्याच्या कळीवर आदल्या संध्याकाळी मलमलीची पिशवी बांधा. कोणत्या रोपाचे पान कोणत्या तारखेला पिवळे पडले, ते लिहा. शेवटपर्यंत हिरव्या राहिलेल्या रोपांचेच बी धरा. एका वर्षात काही सिद्ध होणार नाही. पण सातवीच्या वर्गाने धरलेले बी पुढच्या सातवीने पेरले, की वही आणि वाण दोन्ही पुढे जातील.

यंदा आमच्या परसात परभणी क्रांतीचे दोन वाफे आहेत. वाचलेल्या दोन पिल्लांपैकी एक तलंग आता मोठी झाली आहे. तिचा बाप आमचा सुधारित कोंबडा, आणि तिला उबवले आजींच्या गावठी कोंबडीने. तिला खुडूक बसणे जमेल का, हे आम्हांला माहीत नाही. आजींच्या कोंबडीने ऊब दिली, जनुके दिली नाहीत. म्हणून आम्ही आजींकडून दोन गावठी कोंबड्याही घेतल्या आहेत. आजींनी पैसे घेतले नाहीत. पहिल्या उबवणीतली दोन पिल्ले परत करायची, एवढे ठरले आहे.